घटना क्रमांक तीन

डॉक्टर म्हणाल्या, "बाकी सुधारणा चांगली आहे. जेवतात, झोपतात. फक्त एक गोष्ट काही केल्या हलत नाहीये. गॅस तुम्हीच चालू ठेवला होता असं त्या अजून म्हणतात." आणि मी मान हलवली. तीही नुसती नाही, चेहरा पाडून हलवली, जवळच्या माणसाच्या दुखण्याबद्दल ऐकताना हलवतात तशी. डॉक्टर तरुण होत्या, माझ्या मुलीपेक्षा फार तर चारपाच वर्षांनी मोठ्या. टेबलाच्या काचेखाली त्यांनी कुणा पेशंटने काढलेलं बदकाचं चित्र ठेवलं होतं, आणि त्या बदकाला तीन पाय होते. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला. "मनाला लावून घेऊ नका. ज्याने दाखल केलं त्याच्यावरच राग निघतो, त्याच्यावरच संशय येतो. हा आजाराचाच भाग आहे." मी म्हणालो, "हो, कळतं मला." त्यांनी केसपेपरवर दोन ओळी लिहिल्या आणि सांगितलं, संध्याकाळची गोळी उद्यापासून दीड करतोय, भावावरचा हा संशय तेवढा जायला हवा. मी विचारलं, "तिला त्रास नाही ना व्हायचा?" केवढी काळजी होती माझ्या आवाजात. डॉक्टरांना माझी दया आली असावी, कारण त्यांनी मला पाणी दिलं आणि मी ते प्यायलो.

गॅस मीच चालू ठेवला होता. हे वाक्य मी बाहेर कॉरिडॉरमध्ये मनातल्या मनात म्हणून पाहिलं. पाच शब्द आहेत. मागे वळायचं, दार वाजवायचं, आत डोकं घालायचं आणि म्हणून टाकायचं. केबिनपासून मी वीस पावलं लांब असेन. पण तोवर मी जिन्यापाशी पोचलो होतो, आणि जिन्यापाशी पोचलेल्या माणसाला उतरणं सोपं जातं. फाटकावरच्या वॉचमनने वहीत माझी बाहेर पडण्याची वेळ लिहिली आणि सही करायला लावली. सही करताना माझा हात जरासुद्धा कापला नाही, हे मी पाहिलं. तेहतीस वर्षं मी दुसरं काय करत आलोय? रस्त्यावर ऊन होतं, समोरच्या दुकानात एक बाई मुलाच्या पायात बूट घालून अंगठ्याशी दाबून बघत होती, बस आली, लोक चढले, बस गेली. मी थांब्याच्या बाकावर बसून राहिलो. घरी जायचं तर घरात कुणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कुणी नव्हतं म्हणूनच, ताईला दाखल केल्यापासूनचे बारा दिवस, मी वेळेवर घरी जात होतो. ते खरं मला बाकावर बसल्या बसल्याच कळलं, आणि मी इकडेतिकडे पाहिलं, जसं काही शेजारच्या माणसाला ते ऐकू गेलं असेल.

मी विमा कंपनीच्या क्लेम विभागात आहे. लोक दावे पाठवतात, मी वाचतो आणि निम्म्याहून अधिक परत पाठवतो. ऑफिसात मला 'रिटर्नसाहेब' म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण चहाच्या मशीनपाशी आवाज फारसे दबत नाहीत. माझा शेरा ठरलेला असतो: 'घटनेचा तपशील अपुरा.' माणसं बिचारी लिहितात, फार नुकसान झालं, फार हाल झाले, आम्ही उघड्यावर आलो. हाल हा तपशील नाही. तारीख लागते, वेळ लागते, कुणी पाहिलं ते लागतं, आणि वाचणाऱ्याला बोट ठेवायला जागा राहणार नाही असं लिहावं लागतं. विभागात नवीन येणाऱ्यांना हे मी शिकवतो, आणि चांगलं शिकवतो. त्या शनिवारी मनोरुग्णालयाच्या खिडकीतून माझ्या हातात चार पानांचा अर्ज आला, 'रुग्णास संमतीशिवाय दाखल करण्यासाठी नातेवाइकाचा अर्ज', तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय यावं? ताई आत बाकड्यावर बसली होती, तोंडावर ओढणी दाबून, आणि माझ्या मनात आलं, फॉर्म नीट आखलाय.

तिसऱ्या पानावर होतं: 'अर्जदाराने स्वतः पाहिलेल्या घटना.' एक, दोन, तीन, प्रत्येकी चार ओळी. पहिल्या दोन मी बसल्या बसल्या लिहिल्या आणि त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. दाखल करून घेणारा डॉक्टर वयस्क होता, त्याचा चष्मा एका कानाशी दोऱ्याने बांधलेला होता. त्याने वाचलं आणि म्हणाला, "हे सगळं खरं असणार. त्या आजारी आहेत हे मलाही दिसतंय. पण त्या नको म्हणतायत. नको म्हणणाऱ्या माणसाला आत ठेवायचं तर कायदा विचारतो, धोका काय? त्यांना स्वतःला, नाहीतर दुसऱ्या कुणाला. तोही अलीकडचा, आठवड्याभरातला. नुसता वास येतो म्हणून कुणाला कोंडता येत नाही, आणि येऊही नये." हे 'येऊही नये' तो मुद्दाम म्हणाला, मला आठवतंय. "असं काही घडलंय का ते शांतपणे आठवा. नसेल घडलं तर घरी न्या. आमचा माणूस रोज येऊन बघून जाईल, औषध सुरू करू. वेळ लागेल, पण होईल." तो मला खोटं लिहा म्हणाला नाही. त्याने उलट दुसरा रस्ता दाखवला, आणि तो रस्ता चांगला होता. पण त्या रस्त्यावर ताई माझ्याबरोबर घरी येणार होती. मी बाहेर जाऊन बसलो, मांडीवर अर्ज घेतला आणि लिहिलं: 'गेल्या मंगळवारी सकाळी सव्वासातच्या सुमारास रुग्णाने गॅस पेटवून तसाच सोडला. ज्योत विझून घरभर गॅस पसरला. अर्जदाराने वेळीच गॅस बंद करून खिडक्या उघडल्यामुळे अनर्थ टळला.' चार ओळींत बरोबर बसलं. अर्जदाराने वेळीच. स्वतःला वाचवून माझं भागलं नाही, वर पाठही थोपटून घेतली. डॉक्टर वाचून म्हणाला, "अहो, मग हे आधी का नाही लिहिलंत?" आणि त्याने सही केली. नियमाप्रमाणे दुसऱ्या डॉक्टरनेही येऊन ताईला तपासलं आणि सही केली. अर्ज परत पाठवायला कुणाला काही कारणच उरलं नव्हतं.

ताई साबणाच्या कारखान्यात होती, एकतीस वर्षं, वास तपासायच्या खोलीत. पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या नाकाशी धरून सांगायची, ही खेप जाऊ द्या, ही थांबवा. तिने थांबवलेली खेप मालकाच्या बापालाही सोडवता आली नाही, असं तिथले लोक म्हणत. सुट्टीत आमच्याकडे राहायला आली की घरात तर तिच्या नाकापुढे कुणाचं काही चालत नसे. मी दारात बूट काढत असतानाच ती स्वयंपाकघरातून सांगायची, "आज तुमच्या ऑफिसात रंग दिलाय," नाहीतर, "लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरची म्हातारी होती वाटतं, औषधाचा वास आणलास." माझी बायको हसायची, म्हणायची, या माणसाला चोरून काही करायची सोयच ठेवली नाही देवाने. ताईने लग्न केलं नाही. का म्हणून विचारलं की सांगायची, एकाचाही वास पसंत पडला नाही. पुढे बायको गेली, मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, ताई निवृत्त झाली आणि दोन पेट्या घेऊन माझ्याकडे आली. मला ती लहानपणापासून ठोंब्या म्हणते. चोपन्नाव्या वर्षी रोज सकाळी कुणीतरी आपल्याला ठोंब्या म्हणून उठवावं यातलं सुख ज्याला माहीत नाही त्याला सांगूनही कळायचं नाही.

आणि मग गेल्या वर्षी तिला तो वास यायला लागला. जळक्या रबरासारखा, म्हणायची. आधी मीही हुंगत फिरलो. इलेक्ट्रिशियनला बोलावलं, त्याने सगळे बोर्ड उघडून दाखवले. मग तिचं ठरलं की वास खालच्या मजल्यावरच्या दातांच्या दवाखान्यातून येतो, आणि तिथे तो मुद्दाम तिच्यासाठी जाळतात. दाराच्या फटीला ओले टॉवेल लागले. खिडक्यांना चिकटपट्ट्या लागल्या, एकावर एक तीन थर. दिवसातून तीनदा ती खाली जाऊन दातांच्या डॉक्टरचं दार ठोठावायची, आणि तो माणूस हातात हातमोजे घालून दारात उभा राहायचा आणि मला फोन करायचा. शेवटी अन्नालाही तो वास लागला. नऊ दिवस ती पाणी आणि बिस्किटं यांवर होती, तिची मनगटं बघवत नव्हती. हे मी सांगतोय ते माझी बाजू मांडायला नाही. पण सहा महिने दिवसातून चाळीस वेळा 'वास येतोय' ऐकलं की कानांवर कातडं चढतं, एवढं मात्र खरं.

त्या मंगळवारी चहाचं आधण मी ठेवलं होतं. ऑफिसातून फोन आला, कुठल्याशा गोदामाच्या आगीची फाइल होती, मी हॉलच्या कोपऱ्यात उभा राहून बोलत होतो. मागून ताई म्हणाली, "ठोंब्या, वास येतोय." मी फोनवर हात ठेवून म्हणालो, "ताई, पुरे." ती म्हणाली, "हा तो नाही. हा वेगळा आहे. गॅस आहे हा." मी तिच्याकडे पाठ केली. अगदी पूर्ण वळून पाठ केली, हे मला पायांत आठवतं. ती आत गेली. मग मला चिकटपट्टी फाडल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा, मग सारखा. सहा आठवडे जिथे वाऱ्याची झुळूक येऊ दिली नव्हती त्या खिडक्या ती नखांनी ओरबाडून उघडत होती. स्वयंपाकघराची झाली, हॉलची झाली. मग ती माझ्याजवळ आली, हातातून फोन घेतला आणि त्यात म्हणाली, "ते मागाहून बोलतील." तिच्या दोन बोटांतून रक्त येत होतं. "आधण उतू गेलं आणि विझलं," ती म्हणाली. "दोघंही गेलो असतो रे." एवढंच. ओरडली नाही की काही नाही. सहा महिन्यांत इतकी शहाणी ती मला कधी दिसली नव्हती, आणि त्या क्षणी मला तिचा राग आला. दुपारपर्यंत तिने खिडक्या पुन्हा बंद करून टाकल्या.

गुरुवारी भेटीच्या वेळेला मी गेलो. वॉर्डातल्या बसायच्या खोलीत खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या असतात, उचलता येत नाहीत, त्यामुळे भेटायला आलेला माणूस समोर बसू शकत नाही, शेजारी बसतो. मला ते बरंच होतं. ताईचे ओठ सुकले होते आणि ती शब्द जरा ओढून बोलत होती, पण अंगावर थोडं मांस आलं होतं. तिने कुंड्यांची चौकशी केली. मग समोरच्या भिंतीकडे बघत विचारलं, "तू सांगितलंस डॉक्टरांना?" मी विचारलं, "कशाबद्दल?" कशाबद्दल, म्हणे. तिने मान वळवून माझ्या कानांकडे पाहिलं. लहानपणापासून खोटं बोलताना माझे कान लाल होतात, आणि ते जगात आता एका तिलाच माहीत आहे. "सांगतो," मी म्हणालो. "जरा योग्य वेळ बघून सांगतो."

"गोळी दीड झाली," ती म्हणाली. "खरं बोललं की वाढते. बघ की गंमत. परवा मी सिस्टरला म्हटलं, बाई, तो जळका वास आता येत नाही. आठवडा झाला नाही येत. म्हणजे तो माझ्या डोक्यातलाच असणार, मी मान्य करते. पण गॅस डोक्यातला नव्हता, तो भावाने ठेवला होता. तिने दोन्ही लिहून घेतलं. पहिलं सुधारणा म्हणून आणि दुसरं आजार म्हणून." ती हसली, म्हणजे तोंडाचा एक कोपरा हलला. "माझी वकीलबाई येऊन गेली. इथूनच देतात, फुकट. पोरगी हुशार आहे. तुझ्या अर्जाची प्रत तिने मला दाखवली, पेशंटला बघायचा हक्क असतो म्हणे. अक्षर ओळखलं मी." मी माझ्या बुटांकडे बघत होतो. "पुढच्या शुक्रवारी मंडळ बसतंय. मला सोडायचं की ठेवायचं ते बघायला. ती म्हणते, भावाने स्वतः सांगितलं की हे असं नव्हतं, तर पाचव्या मिनिटाला घरी. नाही सांगितलं, तर भावावरचा संशय कायम आहे म्हणून आणखी तीन महिने." मी म्हणालो, "मी येतो ना शुक्रवारी." ती म्हणाली, "ये." मग सिस्टरने वेळ संपल्याचं सांगितलं, आणि ताई आज्ञाधारकपणे उठली. ताईला कुणाच्या सांगण्यावरून उठताना मी त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं.

मधले आठ दिवस मी ते पाच शब्द घोकले. आरशासमोर म्हटले, लिफ्टमध्ये म्हटले, एकदा चहाच्या मशीनपाशी ओठ हलत असलेले एका कारकुनाने पाहिले. मुलीचा फोन आला, ती म्हणाली, "बाबा, तुम्ही बरोबर केलंत. आत्या जेवायला लागली हे बघा की. दुसरं कुणी एवढंही केलं नसतं." मी म्हणालो, "हो ना." भीती कशाची होती ते मी स्वतःला विचारून पाहिलं. खोटं लिहून दिलं म्हणून गुन्हा होईल, नोकरी जाईल, ही भीती होतीच, पण ती सांगण्यासारखी भीती होती. खरी भीती अशी की त्या तरुण डॉक्टरांचा चेहरा बदलेल आणि त्यांनी मला दिलेलं पाणी त्यांना आठवेल. आणि त्याच्याही खाली, हे मी कुणाला सांगणार, घर शांत होतं. मी आठ आठ तास झोपत होतो. चिकटपट्ट्या मी एका रविवारी सोडवून टाकल्या, शीळ घालत. शीळ घालतोय हे लक्षात आल्यावर थांबलो, पण सोडवायचं काम मात्र पुरं केलं.

नऊ वर्षांचा असताना मी नळ चालू ठेवून खेळायला गेलो होतो आणि खालच्या मास्तरांच्या छतातून पाणी टपकलं होतं. बाबांनी दोघांना उभं केलं. मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली, "मी." तिला दोन थपडा बसल्या आणि संध्याकाळभर तिला जिन्यात उभं केलं. मी तिच्यासाठी गुपचूप पाणी घेऊन गेलो तर ती म्हणाली, "ठोंब्या, तुला मारलं असतं तर तू रडून घर डोक्यावर घेतलं असतंस. मी त्यापेक्षा हे बघते. पण महिनाभर माझे बूट तू पुसायचे." मी पुसले, रोज, अगदी टाचेपर्यंत. त्यामुळे आमचा हिशेब तेव्हा तरी मिटला होता.

मंडळ रुग्णालयाच्याच एका खोलीत बसलं, जिथे एरवी नर्सेसचे वर्ग होत असावेत, कारण फळ्यावर अर्धवट पुसलेलं हृदय होतं. तिघं जण होते. मध्ये एक निवृत्त न्यायाधीश, त्यांच्या उजवीकडे बाहेरच्या इस्पितळातले एक डॉक्टर, आणि डावीकडे एक जाडशी बाई. ती पूर्वी स्वतः अशा ठिकाणी पेशंट होती आणि आता कायद्याप्रमाणे मंडळावर होती, असं वकीलबाईने ताईला सांगितलेलं मी ऐकलं. ताई निळा ड्रेस घालून बसली होती, केस विंचरलेले, हात मांडीवर. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. न्यायाधीशांनी अर्ज चाळला, एकेक घटना वाचली, आणि तिसऱ्यापाशी थांबले. "हे महत्त्वाचं आहे. हे तुम्ही स्वतः पाहिलंत?" माझे पाच शब्द तयार होते. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "साहेब, त्या दिवशी सकाळी मी चहाचं..." न्यायाधीश सज्जन होते. त्यांना वाटलं असणार, बिचाऱ्याला पुन्हा सगळं सांगायला लावू नये. "बसून बोला," ते म्हणाले. "हो की नाही, एवढं सांगितलंत तरी पुरे." मी बसलो. कुणी 'एवढं सांगितलंत तरी पुरे' म्हणालं की माणसाला केवढा आधार वाटतो. मी म्हणालो, "हो."

कान पेटले होते माझे. वकीलबाई उठली, तिच्या हातात लिहून आणलेले प्रश्न होते, दहाबारा तरी असतील. ताईने तिची बाही धरली. "त्याला काही विचारू नका," ताई म्हणाली. मग मंडळाकडे वळून, प्रत्येक शब्द सावकाश उचलून ठेवावा तशी म्हणाली, "गॅस मीच ठेवला होता." आमच्या डॉक्टरांनी मान वर केली. न्यायाधीश म्हणाले, "पण आत्तापर्यंत तुम्ही सतत भावाचं नाव घेत होतात." ताई म्हणाली, "तेव्हा कळत नव्हतं. आता कळतंय." डॉक्टरांचा चेहरा उजळला. तो आनंद खरा होता, आपला पेशंट बरा होताना पाहण्याचा. त्या म्हणाल्या, "सर, आजाराची जाण येणं ही फार मोठी पायरी असते." बाहेरच्या डॉक्टरांनीही मान डोलावली. फक्त ती जाड बाई ताईकडे बघत राहिली होती. तिने विचारलं, "बाई, हे तुम्ही मनापासून म्हणताय? घरी जायचं म्हणून नाही ना?" आणि विचारताना तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या चेहऱ्याकडे, मग बाजूला, कानांकडे. मी जमिनीकडे बघायला लागलो. ताई म्हणाली, "वासाच्या बाबतीत माझी चूक झाली. बटणाच्या बाबतीतही होऊ शकते." त्या बाईने आणखी थोडा वेळ वाट पाहिली. ताईची नाही, माझी वाट पाहिली. मग तिने पेनाचं टोपण लावलं. वीस मिनिटांत कागद तयार झाले आणि मी तीन ठिकाणी सही केली.

डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या खाली एक ओळ आहे: 'रुग्णाला गॅसजवळ एकटे सोडू नये.' ताईने ते कार्ड फ्रिजवर लावलं आणि पहिल्या दिवसापासून ती ओळ पाळायला घेतली. स्वयंपाकघराच्या दाराबाहेर तिने एक खुर्ची ठेवली आहे. ती तिथे बसते, पाय दाराच्या अलीकडे ठेवून, आणि मी आत काय करतोय ते बघते. भाजी फोडणीला टाक, झाकण काढ, मीठ राहिलं. ती सांगते तसं मी करतो. दर पंधरवड्याला आम्ही डॉक्टरांकडे जातो, त्या खूश आहेत. जळका वास गेला तो परत आलेला नाही. एकदा मी ऑफिसातून आलो, बूट काढले, थांबलो. ती काही म्हणाली नाही. त्या दिवशी ऑफिसात सगळ्या भिंतींना नवा रंग लागला होता, माझ्या शर्टालाही लागला होता. "ताई," मी म्हणालो, "कसला वास येतोय का?" ती म्हणाली, "नाही रे. आता कसलाच येत नाही. गोळ्यांनी तो एक नेला, आणि जाताना बाकीचे पण नेले. डॉक्टर म्हणतात, येतील हळूहळू." साबणाची वडी नाकाशी धरून ती बाथरूममध्ये उभी असते कधीकधी. दार उघडं असतं, मी बघितलं न बघितल्यासारखं करून पुढे जातो.

काल रविवार होता. शनिवारी बसून मी मंडळाला पत्र लिहिलं होतं, दोन पानी. तारीख, वेळ, फोन कुणाचा होता, चिकटपट्ट्या कुणी फाडल्या, रक्त कुठल्या बोटांना होतं, सगळं. खाली सही केली, आणि सही करताना या वेळी हात कापला, त्याचंही मला बरं वाटलं. सकाळी दूध तापत ठेवून मी बाहेर आलो आणि ते पत्र ताईच्या हातात दिलं. तिने चष्मा लावला आणि सावकाश वाचलं, एका जागी मागे जाऊन पुन्हा वाचलं. "छान लिहिलंयस," ती म्हणाली. "तुझं कधी काही राहून जात नाही." मग तिने पानं घडीवर घडी घालून माझ्याकडे दिली. "हे पाठवलंस की ते मला बोलावतील. विचारतील, मग तेव्हा मीच ठेवला म्हणालात ते काय होतं? मला जाण आली म्हणून सोडलंय ना ठोंब्या. जाण कसली, तर गॅस मी ठेवला याची. ती काढून घेतलीस तर माझ्यापाशी काय राहतं?" मी म्हणालो, "पण ताई, मला हे असं..." ती म्हणाली, "माहितीय. तुला झोप येत नाही. ऐकू येतं मला. पण तुला हलकं वाटावं म्हणून मी परत आत जाऊन बसू का?" तिच्या आवाजात राग असता तर किती बरं झालं असतं. ती खरोखरच विचारत होती. "बूट पुसू का तुझे?" मी म्हणालो. मला हसायचं होतं की काय होतं कोण जाणे. ती म्हणाली, "आता कुठे जाते मी बूट घालून. दूध बघ, वेळ झालीय."

मी पत्राची घडी खिशात घालून आत गेलो. दूध उतू गेलं होतं. शेगडीवर पांढरी साय पसरली होती, खाली ज्योत नव्हती, आणि बटण उघडं होतं. बारीक सूंऽ असा आवाज येत होता. वास आला. मला आला, ज्याला लग्नात बायकोने लावलेलं अत्तर कुठलं ते कधी सांगता आलं नाही त्याला. ताई तीन हातांवर खुर्चीत बसली होती, तोंड माझ्याकडे करून, आणि तिला येत नव्हता. मी बटण फिरवलं. पुन्हा फिरवून खात्री केली. खिडकी उघडली. चौकटीवर चिकटपट्टीचा जुना चिकटा अजून आहे, त्याला बोट लागलं.

"उतू गेलं का रे?" तिने विचारलं.

तिच्याकडे पाठ करून मी ओट्यावरचं दूध फडक्याने पुसत होतो. "नाही," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली.